दीड टनाचं स्थळ

हॉस्टेलवर घरून येणाऱ्या फोनचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक, "जेवलास का?" दोन, "रिझल्ट लागला का?" आणि तीन, "पैसे टाकलेत, जपून वापर." २०२५ च्या मे महिन्यात, पेपर संपायच्या दिवशी मला जो फोन आला, तो यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. मुळात फोनवर बाबा होते. आमच्याकडे फोन आई करते, बाबा मागून फक्त "त्याला विचार..." एवढंच म्हणतात. आज ते स्वतः बोलत होते.

"अरे, एसी बंद पडलाय. मेकॅनिक म्हणतो आतला भाग बदलावा लागेल. तू मेकॅनिकलला आहेस ना? मग काय करायचं ते तू सांग."

मित्रहो, माझी छाती किती इंच फुगली ते विचारू नका. दहावीनंतर कुठे जायचं इथपासून ते चपला कुठल्या घ्यायच्या इथपर्यंत सगळं ज्यांनी ठरवलं, ते बाबा मला मत विचारत होते! त्यात रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा विषय नुकताच देऊन झालेला. पेपर बरा गेला होता. मी म्हणालो, "बाबा, काही करू नका. मी येतोय."

आता थोडं आमच्या एसीविषयी. आम्ही काही एसीवाली माणसं नव्हे. डोंबिवलीत चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाबा छापखान्यात ऑफसेट मशीनवर आहेत. औषधांची खोकी, कॅलेंडरं, लग्नपत्रिका असं काय काय छापतात. गेली बारा वर्षं त्यांना रात्रपाळी. म्हणजे तुम्ही-आम्ही झोपतो तेव्हा ते मशीनपाशी उभे, आणि सकाळी आठला घरी येऊन ते झोपणार, तेव्हा वर स्लॅब तापायला लागलेला. २०१५ साली डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं की झोप पुरी झाली नाही तर बी.पी. ताब्यात राहणार नाही. तेव्हा हप्त्यावर दीड टनाचा स्प्लिट एसी आला. तो आमच्यासाठी नव्हताच. दुपारी चारला बाबा उठले की तो बंद. (माझ्या बारावीच्या अभ्यासालासुद्धा पंखाच होता. हॉस्टेलमध्ये मला काहीच जड गेलं नाही, त्याचं श्रेय आईला.)

घरी पोचलो तर आठ दिवसांपासून बाबा बाहेरच्या खोलीत फरशीवर, अंगावर ओला पंचा टाकून झोपत होते. म्हणजे झोपायचा प्रयत्न करत होते. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "परवा मशीन धुताना डोळा लागला होता त्यांचा. रोलरजवळ हात होता म्हणे. शेजारच्या मशीनवाल्यानं ओढलं. तुला सांगू नको म्हणालेत."

मी सांगितलेलं नाही असंच समजा.

त्याच दुपारी वही उघडली. एअर कंडिशनिंगचं पहिलं पाऊल काय? हीट लोड! वायव्हात हाच प्रश्न येतो. खोली बारा बाय अकरा फूट, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत, एक खिडकी, एक माणूस, एक ट्यूबलाईट. सोडवलेल्या उदाहरणासारखं उदाहरण सोडवलं आणि उत्तर आलं १.९ टन. म्हणजे दोन! मी बाबांना ऐटीत सांगितलं, "तुमचा एसी आधीपासूनच लहान होता. आता इनडोअर बदलायचाच आहे तर दोन टनाचा घालू."

बाबांनी एक शब्दही न विचारता मान डोलावली. म्हणाले, "तू म्हणतोस तर दोन."

संध्याकाळी मेकॅनिक काका आले. पंचावन्नच्या आसपासचे, पाठीवर सॅक, हातात गेजचा सेट. त्यांनी माझं गणित शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"इंजिनिअरसाहेब, आउटडोअर किती टनाचा आहे?"

"...दीड."

"मग?"

सबमिशनच्या दिवशी जर्नल हरवल्यावर जशी शांतता पसरते तशी पसरली. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अर्धी मशीन बदलताना नवीन अर्ध्याकडे नाही बघायचं. जे अर्धं राहणार आहे त्याच्याकडे बघायचं. हे लग्नाचं स्थळ बघण्यासारखं आहे. पत्रिका जुळायला पाहिजे."

आणि मग त्यांनी इनडोअर-आउटडोअरची पत्रिकाच मांडली. ती इथे देतो, कारण पुस्तकात ती अशी एका जागी मला सापडली नव्हती.

पहिला गुण, टन. हा टन वजनाचा नाही हे आपल्याला माहीत असतं, पण घरच्यांना सांगून बघा! २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट, हा एक टन. आता कॉम्प्रेसर दीड टनाचा आणि आतली कॉइल दोन टनाची केली तर काय होईल? कॉइलचा पृष्ठभाग वाढला, पण उष्णता ओढून नेणारा गडी तोच. त्यामुळे कॉइल पूर्वीइतकी गार पडत नाही. उलट कॉइल लहान घेतली तर ती इतकी गार पडेल की तिच्यावर बर्फ धरेल आणि वाराच अडेल.

दुसरा गुण, गॅस. आमच्या २०१५ च्या एसीत आर-२२ आहे. ओझोनच्या थराला त्रास देणारा म्हणून तो जगभर हद्दपार होतोय, आणि १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात आर-२२ वर चालणारे नवे एसी बनवायलाच बंदी आहे. नवी यंत्रं आर-३२ ची, काही आर-४१० ए ची. त्यांचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त, तेलही वेगळ्या जातीचं. एकाचा गॅस दुसऱ्यात भरून चालत नाही.

तिसरा गुण, नळ्या. भिंतीतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या कुठल्या मापाच्या आहेत, नव्या इनडोअरची तोंडं त्यांना जुळतात का.

आणि चौथा गुण, भाषा! ही मला सगळ्यात गंमतशीर वाटली. झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या काकूंचा इनव्हर्टर एसी पावसाळ्यात विजेच्या लपंडावात जळला होता. बाहेरचा गेला, आतला शाबूत. त्या म्हणाल्या, "आमचा आतला भाग घेऊन जा की, फुकट देते." दीड टनच, दिसायलाही छान. आई लगेच तयार. (फुकटच्या स्थळाला कोण नाही म्हणेल?) पण मेकॅनिक काकांनी नकार दिला. इनव्हर्टरचा आतला आणि बाहेरचा भाग तारेतून सतत एकमेकांशी बोलत असतात, 'आता कमी कर, आता वाढव.' आमच्या जुन्या आउटडोअरला फक्त दोनच शब्द कळतात, चालू आणि बंद. "यांचा संसार एक दिवस नाही चालणार," काका म्हणाले.

म्हणजे दोन स्थळं बाद. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत, त्यापेक्षा नवीन घ्या, असं गोड आवाजात सांगण्यात आलं.

मी अजून दोन टनांवरून पुरता खाली उतरलो नव्हतो. म्हटलं, "काका, कॉइल थोडी कमी गार पडली तर पडू दे. खोली तर गार होईल?"

यावर उत्तर काकांनी नाही, बाबांनी दिलं. इतका वेळ ते गप्प बसून ऐकत होते. म्हणाले, "खोली गार होईल, पण ओली राहील. कागद फुगेल."

कागद? मला कळेना. मग बाबा बोलायला लागले. छापखान्यात पावसाळी हवा असली की कागद ओलावा पितो आणि किंचित पसरतो. चार रंग एकावर एक छापायचे असतात. पहिला रंग एका मापाच्या कागदावर बसतो, दुसरा छापेपर्यंत कागद केसभर वाढलेला. मग फुलाच्या पाकळीचा लाल रंग पाकळीच्या बाहेर. सगळा गठ्ठा रद्दी. "म्हणून आमच्या मशीन हॉलला एसी आहे. माणसांसाठी नाही, कागदासाठी. गारव्यापेक्षा आम्ही भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघतो."

आणि मला एकदम पहिल्या युनिटचं पहिलं पान आठवलं! १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं आधुनिक एसीची पहिली यंत्रणा आखली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठीच. कारण हेच, दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग सरकायचे. हे मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. बाबा हे रोज रात्री करत होते, आणि त्यांना कॅरिअरचं नावही माहीत नव्हतं. माझं पाठांतर आणि त्यांची नोकरी एकाच गोष्टीबद्दल आहेत, हे तीन वर्षांत मला सुचलं नव्हतं.

रात्री वही पुन्हा उघडली आणि चूक सापडली. बाहेरचं तापमान मी सोडवलेल्या उदाहरणातून जसंच्या तसं उचललं होतं, ४३ अंश. ते उदाहरण नागपूरचं होतं! नागपूरची मेमधली हवा तापलेली पण कोरडी. आमच्याकडे मेमध्ये बहुतेक दिवस पारा पस्तिशीच्या आसपास, पण दवबिंदूच पंचविशीला टेकलेला. म्हणजे आमच्या एसीचं अर्धं काम हवा गार करणं नाहीच, हवेतलं पाणी पिळून काढणं हे आहे. मी एक छोटा हिशेब केला. आमच्या खोलीत हवा भरते साधारण चाळीस किलो. ती सगळी दहा अंशांनी गार करायला लागतात सुमारे ४०० किलोज्यूल. आणि हवेतून एक लिटर पाणी काढायला? सुमारे २,४००! जवळजवळ सहापट. बाहेरच्या पाइपमधून दिवसभर ठिबकणारं ते पाणी म्हणजे एसीचा खरा घाम आहे, हे मला तेव्हा कळलं. योग्य आकडे घालून उत्तर आलं दीड टनाच्या जरा आतच. ज्या कुणी २०१५ साली आम्हाला दीड टन विकला तो माझ्यापेक्षा हुशार होता.

आता तिसरं स्थळ, जोडीच बदलणं. नवीन पाच-स्टार इनव्हर्टर, बसवणुकीसकट चाळीस हजार. बाबा म्हणाले, "तू म्हणशील तर तेच घेऊ. पतपेढीतून उचलू."

तेव्हा मला खरा घाम फुटला. कारण कपाटातल्या पाकिटात किती पैसे आहेत आणि ते कशासाठी आहेत, हे मला माहीत होतं. जुलैत माझी फी आणि हॉस्टेल. म्हणजे माझ्या एका 'हो'वर बाबा कर्ज काढणार होते. आणि माझ्या एका 'नाही'वर ते पुन्हा फरशीवर झोपणार होते. परीक्षेत उदाहरण चुकलं तर पाच मार्क जातात. इथे काय गेलं असतं, ते आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलेलंच होतं.

म्हणून या वेळी घाई केली नाही. काकांना विचारलं, बाहेरचा कॉम्प्रेसर कसा आहे? त्यांनी एप्रिलमध्ये गॅस भरल्यावर क्लॅम्प मीटरनं बघितलं होतं, साडेसात अँपिअर, आवाज साफ. म्हणजे जे अर्धं राहणार ते निरोगी. इनडोअरचा ब्लोअर, मोटर, पीसीबी सगळं चालू. गेलेली फक्त कॉइल. मग संपूर्ण इनडोअर तरी का शोधायचा? मापाची तांब्याची कॉइल बाहेर बनवून मिळते. कॉइल, मजुरी, गॅस धरून साडेदहा हजार. नवीन जोडीनं विजेची बचत होईल, पण बाबांच्या वापराच्या हिशेबानं वर्षाला पाचेक हजार. मधला फरक तीस हजारांचा. भरून यायला सहा वर्षं. दहा वर्षांच्या कॉम्प्रेसरवर सहा वर्षांचा भरवसा ठेवता येणार नाही, हेही खरं. पण तोपर्यंत मी कमावता असेन. (असं माझ्या रिझल्टला कुणीतरी सांगा.)

सगळं ठरलं, तरी एक गोष्ट खटकत होती. गेली तीन वर्षं दर एप्रिलला आम्ही गॅस भरत होतो. तुम्हाला कुणी 'गॅस संपला' म्हणालं तर लक्षात ठेवा, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला! मागच्या वर्षी काकांनी एक भोक बुजवलंही होतं, या वर्षी शेजारी तीन नवीन झाली. मग नवीन कॉइल तरी टिकेल कशी?

काकांनी जुनी कॉइल उतरवून खाली ठेवली. तांब्याच्या नळ्या तांबूस नव्हत्या. काळ्या पडल्या होत्या, चुलीवरच्या पातेल्यासारख्या. मी बघत असताना आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "यालाच तो वास यायचा ना रे? सडक्या अंड्यासारखा. मी दोन वर्षं सांगतेय, सकाळी खोली उघडली की वास येतो. कुणी ऐकलं तर शपथ."

सडकी अंडी! हायड्रोजन सल्फाईड! काळं तांबं, म्हणजे कॉपर सल्फाईड! केमिस्ट्री पहिल्या वर्षी देऊन विसरलेला मी ताडकन उठलो आणि ठिबकणाऱ्या पाण्याचा पाइप कुठे जातो ते बघायला धावलो. तो बाथरूमच्या भिंतीतून थेट मैलापाण्याच्या नळात घुसवलेला होता, मध्ये पाण्याचा सापळा वगैरे काही नाही. बसवणाऱ्यानं सोय म्हणून केलेलं. म्हणजे गटारातला वायू त्याच पाइपनं उलटा चढून रोज आमच्या कॉइलपर्यंत येत होता. एसी बंद असलेल्या वेळात तर निवांत. कॉइल आम्ही दहा वेळा बदलली असती तरी दहा वेळा गेली असती.

मेकॅनिक काकांनी पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे मीही बघायला पाहिजे होतं." माझ्या आजवरच्या शैक्षणिक वाटचालीतली ही सर्वोच्च पदवी समजतो.

नवीन कॉइल चार दिवसांनी आली. जुन्या कॉइलशेजारी ठेवून माप, नळ्यांची संख्या, जाडी सगळं जुळवलं. सांधे झाल्यावर काकांनी नायट्रोजन भरून गेज २५० वर आणला आणि रात्रभर तसाच ठेवला. मी दर तासाला उठून काटा बघत होतो. हललेला नव्हता. सकाळी पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला, मग गॅस वजनावर मोजून घातला. पाण्याचा पाइप गटारातून काढून बाल्कनीत बादलीत सोडला. खर्च, साठ रुपये. आई ते पाणी लादी पुसायला वापरते.

त्या दिवशी बाबा साडेआठला झोपले. मी मुद्दाम बाहेर बसून होतो. दुपारी एक वाजता बादलीत डोकावलो, चांगली दोन बोटं वर भरली होती. बाबा पाचला उठले. एसी चारला बंद करायचा नियम त्या दिवशी आईनं मोडला होता. चहा घेताना ते एवढंच म्हणाले, "कागद फुगला नाही." आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

तर मंडळी, इनडोअर बदलण्याची वेळ तुमच्या घरी आली तर दुकानात जाण्याआधी वरचे चार गुण जुळवा, नवीन कॉइल घालण्याआधी जुनी का गेली ते विचारा. आणि अजून एक. या सगळ्या प्रकरणात उत्तराचा एक तुकडा मेकॅनिक काकांकडे होता, एक बाबांकडे, आणि सगळ्यात महत्त्वाचा आईच्या नाकात. माझ्याकडे सुरुवातीला होतं ते फक्त नागपूरचं तापमान. मी केलं इतकंच, की दुसऱ्या खेपेला तोंड बंद ठेवून सगळ्यांचं ऐकलं आणि मग वही उघडली. क्रम तेवढा उलटा झाला होता.

रिझल्ट लागला. आर.ए.सी.मध्ये ५२. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरे आहेत." मग जरा थांबून, "छापखान्यातला एसी पण पाणी गाळतोय. दिवाळीत आलास की बघशील का?"

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी